अंबाडीची भाजी आणि वानरांचा वाटा

नांदेड-लातूरकडे आम्ही अंबाडीची भाजी करतो, ती एक नजर चुलीवर आणि एक गच्चीवर ठेवून. शेंगदाणे वाळत घातले की वानरे आलीच! खाली शेळी दाव्याला हिसके देत असते. पाने खुडून झाली की देठ तिचे. पाने उकडून आंबट पाणी पिळून टाकावे. शिजलेली तूरडाळ, शेंगदाणे, मीठ घालून घोटावे. वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी. सोबत ज्वारीची भाकरी.

वर्षाचे दाणे गेले की जीव जळतोच. पण शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात उपळा गावी ३२ एकर जमीन वानरांच्या नावे नोंदलेली आहे. तेव्हा भगिनींनो, दाणे जाळीखाली झाका. दगड मात्र मारू नका. मुक्या जिवावर दया करण्यातही सवाब आहे.