रुजण्याची किंमत

स्वदेश सोडून परमुलखात वस्ती करणाऱ्या माणसांवर जगातील अनेक भाषांत चित्रपट निघाले आहेत. त्यांपैकी बहुतेकांत नायक कष्ट उपसतो, संकटांवर मात करतो आणि अखेरीस भरल्या शेताकडे समाधानाने पाहतो. यान ट्रोएल या स्वीडिश दिग्दर्शकाने १९७१ साली ‘देशांतरास निघालेले’ आणि १९७२ साली ‘नवी भूमी’ अशा अर्थाच्या नावांचे दोन चित्रपट काढले, त्यांतही असे भरले शेत आहे. परंतु ते शेत पिकावे म्हणून घरातील कोणी काय गमावले, याचा इतका शांत आणि चोख हिशेब मांडणारी दुसरी चित्रकृती आमच्या पाहण्यात नाही. चित्रपट दोन असले तरी साडेसहा तासांची ही कथा एकच आहे.

तिचा आधार विल्हेल्म मोबेर्ग (१८९८–१९७३) यांच्या चार कादंबऱ्या होत. मोबेर्ग हे दक्षिण स्वीडनमधील स्मोलांड प्रांताचे. त्यांच्या आप्तांपैकी अनेक जण अमेरिकेस गेले होते. १९४८ साली ते स्वतः अमेरिकेत गेले, वसाहतकऱ्यांची जुनी पत्रे व रोजनिश्या त्यांनी चाळल्या आणि १९४९ ते १९५९ या काळात कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या. विषयाचा आवाका लहान नव्हता. १८५० च्या सुमारास स्वीडनची लोकसंख्या जेमतेम पस्तीस लाख होती. त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत सुमारे बारा लाख स्वीडिश माणसे उत्तर अमेरिकेत गेली.

ही माणसे का गेली, हे पहिला चित्रपट सावकाश सांगतो. शेतात मातीपेक्षा दगड अधिक. एक धोंडा हलविताना कार्ल ऑस्करचा बाप कायमचा अपंग होतो आणि त्या जमिनीचा भार तरुण मुलावर येतो. एका वर्षी पाऊस नाही, एका वर्षी वीज पडून वैरणीचा गोठा जळतो. पत्नी क्रिस्टीना देश सोडावयास प्रथम मुळीच राजी नसते. पुढे दुष्काळात भुकेजलेली थोरली लेक अर्धवट शिजलेली जवाची लापशी अधाशासारखी खाते आणि प्राणास मुकते. त्यानंतर क्रिस्टीनेचा विरोध संपतो. कार्ल ऑस्करच्या धाकट्या भावास, रॉबर्टला, धन्याचा मार सोसावा लागतो. क्रिस्टीनेचा मामा डॅनियल घरी चार माणसे जमवून धर्मचिंतन करतो, हाही त्या काळच्या कायद्याने अपराध होता. तसा कायदा स्वीडनमध्ये १७२६ पासून १८५८ पर्यंत होता. म्हणजे भूक, अपमान आणि श्रद्धेवरील बंधन अशा तीन निरनिराळ्या कारणांनी माणसे १८५० साली एकाच जहाजावर चढतात.

सुमारे दहा आठवड्यांच्या प्रवासात सडके अन्न, उवा, आजार आणि मृत्यू हे सोबती असतात. डॅनियलची पत्नी वाटेतच दगावते. क्रिस्टीना मरणाच्या दारातून परत येते. पुढे आगगाडी, बोट आणि पायपीट करीत ही मंडळी मिनेसोटा प्रदेशात पोहोचतात. कार्ल ऑस्कर रानावनातून एका सरोवराकाठी येतो, काळीभोर माती हातात घेऊन पाहतो, झाडाच्या बुंध्यावर आपले नाव कोरतो आणि त्याच झाडाखाली विसावतो. पहिला चित्रपट येथे संपतो. आपण येथेच थांबलो तर ही विजयाची कथा ठरेल.

दुसरा चित्रपट हिशेबाची पुढची पाने उघडतो. कार्ल ऑस्करला जे हवे होते ते त्यास मिळते. क्रिस्टीनाही राबते, मुले वाढवते, पतीस कधी टाकून बोलत नाही. पण तिचे मन माहेरच्या अंगणातून निघतच नाही. माहेराहून आलेल्या सफरचंदाच्या बियांपासून घरापुढे एक झाड वाढते. वारंवारच्या बाळंतपणांनी तिचा देह खचतो, पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल असे वैद्य बजावतो. आणि तसेच घडते. त्या झाडाचे पहिले फळ पिकते तेव्हा ती मृत्युशय्येवर असते. घर उभारल्याचे श्रेय गावात पुरुषाच्या नावावर जमा होते. खर्च मात्र अशा रीतीने स्त्रीच्या नावे पडतो. ट्रोएल यांनी हे भाषणातून सांगितले नाही, लिव उलमान यांच्या चेहऱ्यावर दाखविले आहे.

उलरिकेचा हिशेब मात्र निराळा आहे. स्वीडनमध्ये गावाने वाळीत टाकलेली ही बाई अमेरिकेत एका धर्मोपदेशकाची सन्माननीय पत्नी होते आणि तिला कमी लेखणारी क्रिस्टीना तिचीच जिवलग मैत्रीण बनते. रॉबर्ट आपला मित्र आर्विड याच्यासह कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे धावतो. आर्विड वाटेतच दूषित पाण्याने मरतो. रॉबर्ट नोटांचे पुडके घेऊन परततो, तर त्या नोटा कवडीमोलाच्या निघतात.

आणि ती काळी माती तरी कोणाची? १८५१ च्या करारांनी मिनेसोटातील बहुतेक भूमी डाकोटा लोकांच्या हातून गेली. १८६२ साली ठरलेली रक्कम वेळेवर मिळाली नाही, उपासमार झाली आणि डाकोटांनी शस्त्र उचलले. अनेक वसाहतकरी मारले गेले. त्याच वर्षी २६ डिसेंबर रोजी मँकाटो येथे अडतीस डाकोटा पुरुषांस एकाच वेळी फाशी दिले गेले. चित्रपट हे दोन्ही दाखवितो. दुष्काळाने हुसकलेल्या माणसाची नवी भूमी ही दुसऱ्या कोणाची जुनी भूमी होती, हे पाहताना मनास बोचते, आणि ते बोचणे योग्यच आहे.

ट्रोएल हे पूर्वी प्राथमिक शिक्षक होते, हे वाचून आमच्यासारख्या पेशाच्या माणसास आनंद वाटला. न ओरडता, न घाई करता शिकविण्याची ती रीत येथे दिसते. कॅमेराही त्यांनी स्वतःच चालविला आहे. माक्स फॉन सिडो यांचा कार्ल ऑस्कर हट्टी आहे, अबोल आहे. प्रेम बोलून दाखविणे त्यास जमत नाही. उलरिकेचे काम केलेल्या मोनिका सेटरलुंड या तर स्वीडनच्या नामांकित गायिका. ‘द गॉडफादर’ला ज्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, त्या वर्षी त्याच पारितोषिकाच्या स्पर्धेत यांतील पहिला चित्रपट होता.

सर्वांत मोठा खर्च शेवटी कळतो. म्हातारा कार्ल ऑस्कर मरण पावतो. ही वार्ता स्वीडनमधील बहिणीस कळवावयाची असते, पण ते पत्र शेजाऱ्याला लिहावे लागते. मुले कर्तबगार निघाली, शेतीवाडी वाढली. बापाच्या भाषेत चार ओळी लिहिणे मात्र त्यांना येत नाही. कोणी ती भाषा हिरावून घेतली नव्हती. रोजच्या कामात ती लागेनाशी झाली, इतकेच.

आपली गोष्ट तशी वेगळी. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथे आपले पूर्वज आले ते मुख्यतः मराठी राजसत्तेच्या आश्रयाने. मायदेशाच्या आड महासागरही नव्हता. शाळा, ग्रंथालये, नाट्यमंडळे त्यांनी उभी केली. तरीही त्या पत्राचा प्रश्न आपल्याही घराचा आहे: उद्या गावाकडील भाऊबंदांस चार ओळी लिहिण्याची वेळ आली, तर आपल्या नातवंडांपैकी कोण लिहील?

हे दोन्ही चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह उपलब्ध आहेत. लागोपाठच्या दोन रविवारी, क्रमाने, मुलाबाळांसह पाहावेत. नंतर घरातील वडीलधाऱ्यांस आपले मूळ गाव कोणते, तेथून कोण, केव्हा आणि कशासाठी निघाले हे विचारावे; आणि जे सांगतील ते मुलांच्याच हातून, मराठीत, एका वहीत उतरवून घ्यावे.