पंचभाषी संहितेचे संगणकीय रूप : डिव्ह-घटकांची योजना

तंजावरचे भोसले राजे शहाजी (कारकीर्द १६८४–१७१२) यांच्या नावावर असलेल्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी व हिंदी या पाच भाषा एकत्र येतात. कोणता अंश कोणत्या भाषेत आहे, हे तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने कळीचे असते. अशी संहिता संगणकावर उतरविताना नेमकी हीच माहिती हरवण्याचा संभव असतो.

वर्डसारख्या प्रणालीतून संहिता एचटीएमएल स्वरूपात निर्यात केली, की परिच्छेदापरिच्छेदाला फॉन्ट, आकार व समास जागच्या जागी चिकटतात. पद, संवाद आणि रंगसूचना यांतील भेद केवळ दिसण्यापुरता उरतो. जागीच लिहिलेली ही शैली सामान्यतः स्वतंत्र सीएसएस पत्रकावर मात करते. म्हणून ती काढावी लागते. मात्र तिरप्या अक्षरांनी रंगसूचना दर्शविली असेल, तर तो अर्थ आधी नोंदवून ठेवणे इष्ट.

येथे डिव्हचा उपयोग होतो. एचटीएमएलच्या ३.२ या आवृत्तीत (१९९७) समाविष्ट झालेल्या या घटकाला स्वतःचा अर्थ नाही. तो केवळ वेष्टन होय. अर्थ त्याला जोडलेल्या गुणांमुळे येतो. संपूर्ण नाटकाला एक डिव्ह, त्यात प्रत्येक पदाला व संवादाला स्वतंत्र डिव्ह, अशी रचना करता येते. ‘क्लास’ हा गुण साहित्यप्रकार सांगतो, ‘आयडी’ संदर्भासाठी क्रमांक पुरवतो आणि ‘लँग’ भाषा नोंदवतो. परिच्छेदातील एखाद्याच शब्दासाठी स्पॅन वापरतात. २०१४ च्या एचटीएमएल ५ ने विभाग व लेख यांसाठी अर्थवाही घटक दिले. परंतु पदासाठी वेगळा घटक नसल्याने डिव्हची गरज टिकून आहे.

भाषेची नोंद विशेष महत्त्वाची. संस्कृत, मराठी व हिंदी अंश देवनागरीतच छापले, तर लिपीवरून त्यांची भाषा ठरत नाही. भाषा नोंदलेली असल्यास काही फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ आपोआप उमटतात, आणि केवळ शैलीपत्रक बदलून फक्त मराठी पदे दाखविता येतात. मूळ संहितेला हात लावावा लागत नाही.

तथापि एकाच ओळीत दोन भाषा मिसळल्या असतील, तर सीमारेषा कोठे आखावी, हे सीएसएस सांगत नाही. तो निर्णय संपादकाचा असतो. आणि म्हणूनच वेष्टनांची ही मांडणी तांत्रिक असूनही भाष्याचाच एक प्रकार ठरते.