दिव्यांची माळ आणि विजेचा हिशेब

गणेशोत्सवातील मखर असो वा दिवाळीतील आकाशकंदील, सजावटीसाठी एलईडी दिव्यांच्या पट्ट्या आता सर्वत्र वापरल्या जातात. त्यांतील एका प्रकाराला बाजारात ‘पिक्सेल एलईडी’ म्हणतात. ‘डब्ल्यूएस २८१२ बी’ या प्रचलित पट्टीतील प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा व निळा असे तीन सूक्ष्म दिवे आणि त्यांचे नियंत्रण करणारी एक चिप असते. त्यामुळे प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे बदलता येतो. मात्र या पट्टीला योग्य वीजपुरवठा मिळाला नाही, तर शोभेऐवजी अपघात पदरी पडण्याचा संभव असतो.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची व प्रत्यावर्ती असते. वरील पट्टीला मात्र ५ व्होल्टची दिष्ट वीज लागते. हे रूपांतर करणाऱ्या यंत्राला ‘पॉवर सप्लाय’ म्हणतात. त्यावर दोन आकडे छापलेले असतात : व्होल्ट आणि अँपिअर. व्होल्टचा आकडा पट्टीच्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. ५ व्होल्टच्या पट्टीला १२ व्होल्टचा दाब दिल्यास ती क्षणात निकामी होते. अँपिअरचा आकडा म्हणजे यंत्राची कमाल क्षमता. पट्टी गरजेपुरताच प्रवाह घेते. गच्चीवरील टाकी अधिक मोठी असली, म्हणून नळाला पाणी जोराने येत नाही. जोर टाकीच्या उंचीवर ठरतो. तसेच हे आहे. म्हणून अधिक अँपिअरच्या यंत्राने दिवे जळत नाहीत. कमी अँपिअरचे यंत्र मात्र तापते, दिवे लुकलुकतात किंवा भलतेच रंग दाखवतात.

क्षमता किती असावी, हे साध्या गुणाकाराने कळते. पूर्ण तेजाने पेटलेला प्रत्येक रंग सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. पांढऱ्या प्रकाशासाठी तिन्ही रंग पेटतात. म्हणजे एका दिव्याला ६० मिलिअँपिअर लागतात. मीटरला ६० दिवे असलेल्या ५ मीटर पट्टीत ३०० दिवे असतात. त्यांना १८ अँपिअर प्रवाह, म्हणजे ९० वॉट शक्ती लागते. यंत्रावर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांहून अधिक भार नसावा, असा संकेत आहे. त्यानुसार २२.५ अँपिअर हे उत्तर येते. म्हणून २५ अँपिअरचे यंत्र निवडावे. २ अँपिअरचा मोबाइल चार्जर असे जेमतेम ३३ दिवे पेटवू शकेल. आज्ञावलीत तेजाची मर्यादा घातल्यास गरज कमी होते. पण आज्ञावलीत चूक झाली, तर सर्व दिवे पूर्ण तेजाने पेटू शकतात, हे ध्यानी ठेवावे.

पुरेसे यंत्र घेऊनही कधीकधी पट्टीचे दूरचे टोक पिवळसर वा तांबूस दिसते. पट्टीतील तांब्याचा थर पातळ असल्याने वाटेत दाब घटतो. निळ्या व हिरव्या दिव्यांना सुमारे ३ व्होल्ट लागतात, लालला सुमारे २ व्होल्ट पुरतात; म्हणून निळा व हिरवा आधी मंदावतात. येथे अधिक मोठे यंत्र उपयोगी पडत नाही. जाड तारांनी पट्टीच्या दोन्ही टोकांना, आणि लांब पट्टीत मध्येही, वीज द्यावी लागते. १२ व्होल्टच्या पट्टीला ९० वॉटसाठी ७.५ अँपिअरच प्रवाह लागतो. त्यामुळे लांब सजावटीला ती सोयीची ठरते.

मोठ्या यंत्राबरोबर जबाबदारीही वाढते. बारीक तारा एकमेकींना चिकटल्या, तर २५ अँपिअरचा प्रवाह त्यांतून वाहू शकतो. आवरण वितळून मखराचा कागद वा कापड पेटण्यास तेवढे पुरे होते. यासाठी पट्टीकडे जाणाऱ्या प्रत्येक तारेवर, तारेला पेलेल एवढ्याच प्रवाहाचा फ्यूज बसवावा. यंत्राला अर्थिंगची तार जोडावी, २३० व्होल्टचे उघडे स्क्रू झाकावेत, हवा खेळती ठेवावी व पावसापासून यंत्राचे रक्षण करावे. जोडणी करताना मुख्य वीज बंद असावी.

थोडक्यात, आधी व्होल्ट जुळवावेत, मग दिवे मोजून अँपिअर ठरवावेत आणि शेवटी त्या प्रवाहाला साजेशी तार व फ्यूज निवडावा. खरेदीपूर्वी कागदावर केलेला एवढा हिशेब सजावट टिकवतो आणि घरही सुरक्षित ठेवतो.