संगोपनाचा खर्च

कन्हैयालाल मुनशी यांनी 1950 साली वनमहोत्सवाचा उपक्रम सुरू केल्यापासून आषाढात रोपे लावण्यासाठी या देशात पैशांची वा पाहुण्यांची वानवा अशी कधी भासली नाही. ती भासते पुढच्या चैत्र-वैशाखात, जेव्हा त्याच रोपांना पाणी घालणारा आणि त्यांच्यावरून शेळ्या हाकणारा माणूस कोणाच्याच हिशेबात नसतो. माण तालुक्यातील एका गावच्या गायरानावरील लागवडीचा प्रस्ताव तयार होत असता मी तेथील पंचायतीच्या कचेरीत जाऊन बसत असे, आणि या एका माणसाची तजवीज करण्यासाठी किती कागद खर्ची पडतात ते मला तेथे पाहावयास मिळाले.

ग्रामसभेचा ठराव, सातबाराचा उतारा, जागेचा नकाशा आणि अंदाजपत्रक एवढे जुळले म्हणजे आधी तांत्रिक आणि मग प्रशासकीय मान्यता, हा क्रम सर्वश्रुतच आहे. खरे कसब अंदाजपत्रकात. 45 सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा, मुरूम उपसून त्यात भरावयाची माती व शेणखत, रोपांची वाहतूक, गुरे अडविण्यासाठी सभोवती चर, हा सारा मजकूर ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सराईतपणे लिहून काढला. लेखणी अडली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या रकान्यांत. तेथे त्यांनी बिहारातील पद्धतीचा आधार घेतला: दर 200 झाडांमागे काही कुटुंबे नेमावयाची आणि त्यांची मजुरी जगलेल्या झाडांच्या प्रमाणावर ठरवावयाची. झाड लावण्याला नव्हे तर जगविण्याला मजुरी द्यावी, हे ज्या कोणाला प्रथम सुचले, त्याला माझ्या मते वनमहोत्सवाच्या साऱ्या उद्घाटकांहून वरचे आसन मिळावे.

परंतु रोजगार हमीच्या खर्चात मजुरीचा वाटा निदान 60 टक्के राखावा लागतो, त्यामुळे टाकी, नळ, ठिबक यांच्या बाबतीत हात आखडता घेणे भाग पडते. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी 2 टक्के रक्कम लोकोपयोगी कामांवर खर्चावयास लावले असल्याने सरपंचबाईंनी त्याही दिशेने अर्ज धाडला. कंपनीचे गृहस्थ अत्यंत सौजन्याने बोलले. झाडे किती आणि फलक कोठे, एवढेच त्यांनी विचारले. "फलक हवा तेवढा मोठा लावा, पण टाकीवर लावा," असे सांगून बाईंनी टाकी पदरात पाडून घेतली.

राहिली ती गुराख्यांची आणि धनगरांची संमती, जिच्यासाठी सरकारदरबारी कोणताही छापील नमुना नाही. "भाऊसाहेब, झाडं लावा की, पण शेरडं कुठं न्यायची ते आधी सांगा," असे एका म्हाताऱ्याने ग्रामसभेत विचारले, तेव्हा नकाशा पुन्हा उलगडावा लागला. बऱ्याच वादावादीनंतर गायरानाचे तीन भाग करून पाळीपाळीने एकेका भागातच चराईबंदी करावी असे ठरले. कडेला सीताफळ लावा, त्याच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, ही सूचनाही त्याच म्हाताऱ्याची, आणि राखणदारांच्या यादीत पहिले नाव लागले ते त्याच्या सुनेचे. मजुरी हाती केव्हा पडणार, असे त्याने उठता उठता विचारले. पंधरा दिवसांच्या आत, कायद्यातच तशी तरतूद आहे, असे भाऊसाहेब म्हणाले. त्यावर त्याने तेही ठरावात लिहावयास लावले.