शाळेचा कर आणि दोन-तृतीयांशांची भिंत

घटनादुरुस्ती कठीण असावी आणि करआकारणी त्या मानाने सुलभ, हे संसदीय व्यवस्थेचे परिचित सूत्र आहे. भारतात घटनादुरुस्तीला किमान दोन-तृतीयांश मताधिक्य लागते. वित्त विधेयक साध्या बहुमताने संमत होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हे सूत्र उलटे झाले आहे. तेथे राज्यघटना मतदारांच्या साध्या बहुमताने बदलता येते. पण स्थानिक शाळा मंडळाला आपल्या शाळांसाठी जमिनीच्या प्रत्येक तुकड्यामागे ‘पार्सल टॅक्स’ बसवायचा असेल, तर दोन-तृतीयांश मतदारांचा कौल मिळवावा लागतो.

याचे मूळ जून १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’मध्ये आहे. वाढत्या मालमत्ता कराने त्रस्त झालेल्या मतदारांनी तो कर करपात्र मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला, त्या मूल्याची वार्षिक वाढ दोन टक्क्यांत बांधली आणि स्थानिक विशेष करांवर दोन-तृतीयांशांची अट घातली. गंमत अशी, की या प्रस्तावाला स्वतःला मिळालेली मते जवळपास ६५ टक्के होती. त्याने इतरांना घातलेल्या कसोटीवर तो स्वतःच उतरला नसता!

परिणाम दूरगामी झाला. शाळांचा आर्थिक भार राज्य सरकारकडे गेला आणि त्यासोबत निर्णयाचे केंद्रही सॅक्रामेंटोकडे सरकले. स्थानिक पातळीवर एक-तृतीयांशाहून थोडे अधिक मतदार उरलेल्यांची इच्छा अडवू शकतात, ही स्थिती निर्माण झाली. नोव्हेंबर २००० मध्ये ‘प्रपोझिशन ३९’ने शाळांच्या कर्जरोख्यांसाठी ५५ टक्क्यांची वाट खुली केली. बदल्यात कामांची यादी, वार्षिक लेखापरीक्षण आणि नागरिकांची देखरेख समिती बंधनकारक झाली. मात्र हा पैसा इमारतींसाठी. शिक्षकांच्या वेतनासाठी नव्हे. नवी वर्गखोली ५५ टक्क्यांत उभी राहते. तिच्यात शिकवणाऱ्याच्या पगारासाठी पार्सल टॅक्स हवा असेल, तर भिंत पूर्वीइतकीच उंच आहे.

या भिंतीबाहेर आणखी एक वर्ग उभा आहे. सिलिकॉन व्हॅलीत घर घेतलेला, पण नागरिकत्व न मिळालेला मराठी अभियंता हा कर भरतो. त्यावर मत देऊ शकत नाही.

भारतात करदात्याला असा कौल विचारलाच जात नाही. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्यान्वये शहरी मालमत्तांवर शिक्षण उपकर आहे. केंद्राने २००४ मध्ये दोन टक्के शिक्षण उपकर आणला, २००७ मध्ये त्यात एक टक्क्याची भर घातली आणि २०१८ मध्ये आरोग्य व शिक्षण मिळून तो चार टक्के केला. अनुच्छेद २७० नुसार केंद्रीय उपकर राज्यांना वाटून द्यावा लागत नाही. येथे कर सहज लागतो. पण आपल्या गावच्या शाळेपर्यंत त्यातले किती पोहोचले, हे करदात्याला उमगत नाही.

कॅलिफोर्नियाची दोन-तृतीयांशांची अट अनुकरणीय नाही. तिने बहुमतालाच दुबळे केले आहे. मात्र ५५ टक्क्यांसोबत आलेली कामांची यादी आणि देखरेख समिती यांना सार्वमताची गरज नसते. त्या दोन गोष्टी संसदेलाही साध्या बहुमताने करता येतील.