विश्लेषण : रिमोट कारच्या बॅटरीला कनेक्टर कोणता हवा?

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील ‘रोबो रेस’ आणि ऑनलाइन मिळणाऱ्या वेगवान रिमोट कार यांमुळे अमरावती-अकोल्यातील मुलांच्या हाती लिथियम पॉलिमर म्हणजेच ‘लिपो’ बॅटरी आली आहे. मोटर आणि बॅटरीवर हजारो रुपये खर्च होतात, पण कनेक्टरकडे फारसे कुणी पाहत नाही. गाडी मध्येच बंद पडणे, प्लास्टिक वितळणे, प्रसंगी आग लागणे यामागे अनेकदा हाच जोड असतो.

कनेक्टर गरम का होतो?

कपाशीवरच्या फवारणीसाठी पाठीवर घ्यायच्या बॅटरी पंपाची मोटर थोडेच अँपिअर ओढते. त्यामुळे तिथे साधी पत्र्याची क्लिप चालून जाते. ब्रशलेस मोटरची कार मात्र सुटताना क्षणभर ५०-६० अँपिअरही ओढू शकते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. जोडात ५ मिलिओहम रोध असेल तर १० अँपिअरला अर्धा वॅट उष्णता तयार होते. ४० अँपिअरला ती ८ वॅटवर जाते. एवढ्याशा जागेत ती मावत नाही.

कोणता कनेक्टर कशासाठी?

टामिया : जुन्या आणि स्वस्त गाड्यांतला पांढरा, खटका असलेला कनेक्टर. ७.२ व्होल्टची निकेल बॅटरी आणि ब्रशची मोटर असेल तर पुरेसा. साधारण १५ अँपिअरच्या पुढे तो तापू लागतो.

एक्सटी-३० : लहान, हलक्या गाड्यांसाठी.

एक्सटी-६० : पिवळा, ३.५ मिलिमीटर पिनांचा. २एस किंवा ३एस बॅटरीवरच्या बहुतेक १/१० आकाराच्या गाड्यांसाठी सोयीचा. उलटा बसत नाही.

एक्सटी-९० : ४.५ मिलिमीटर पिनांचा. १/८ आकाराच्या गाड्या आणि ४एस किंवा ६एस बॅटरीसाठी. याच्या ‘एस’ प्रकारात जोडताना उडणारी ठिणगी रोखणारा रोधक असतो.

नावातला ६० किंवा ९० हा आकडा थोड्या वेळेपुरत्या प्रवाहाचा समजावा. सतत वापरासाठी त्याच्या निम्मा धरणे सुरक्षित.

बॅटरीवरचा ‘सी’ आकडा पाहावा का?

५००० एमएएच आणि ५०सी म्हणजे कागदावर २५० अँपिअर. पण गाडी तेवढे ओढत नाही. मोटर आणि ईएससी (वेग नियंत्रक) प्रत्यक्षात किती अँपिअर घेतात, त्यावरून कनेक्टर ठरवावा. तारही तशीच जाड हवी : एक्सटी-६० ला १२ किंवा १४ गेज, एक्सटी-९० ला १० किंवा १२ गेज. गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड.

बदलताना काय काळजी घ्यावी?

बॅटरीच्या दोन्ही तारा एकाच वेळी कधीही कापू नयेत. कात्रीचे पातेच शॉर्ट सर्किट घडवते. आधी एक तार कापून, सोल्डर करून, हीटश्रिंक नळीने झाकावी. मगच दुसरी हाती घ्यावी. धातू आत झाकलेला राहतो ती बाजू बॅटरीला लावावी. सोल्डरिंग करताना कनेक्टरची दुसरी बाजू जोडून ठेवली की पिना वाकड्या होत नाहीत. गाडीला जोडण्यापूर्वी मल्टिमीटरवर धन-ऋण तपासावे. तारांच्या रंगावर विसंबू नये. अ‍ॅडॉप्टर चार्जिंगपुरता ठीक, पण धावत्या गाडीत तो आणखी एक तापणारा जोड ठरतो.

वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचे काय?

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा जोड आधीच तापलेला असतो. दुपारी गाडी पळवणे टाळावे आणि पाच-सात मिनिटांनी थांबून कनेक्टरला हात लावून पाहावा. बोट टेकवत नसेल तर तो अपुरा आहे किंवा सोल्डर कच्चे आहे. खेळ संपला की बॅटरी काढून ठेवावी. बरेच दिवस वापरायची नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून ती घरातल्या थंड जागी ठेवावी. बंद कारच्या डिकीत किंवा टिनाच्या शेडखाली नको. फुगलेली बॅटरी मात्र कनेक्टर बदलून सुधारत नाही. ती वापरातून काढावी आणि ई-कचरा संकलनात द्यावी.