शेऱ्याचा रकाना

रत्नागिरीच्या मांडवी बंदराच्या धक्क्यावर सन १९८३च्या कार्तिकात मी पहिल्यांदा गळ टाकून बसलो, त्या संध्याकाळपासून २०१३च्या पावसाळ्यापर्यंत समुद्राशी माझा जो काही देण्याघेण्याचा व्यवहार झाला, त्याचे दप्तर दोनशेपानी पाच वह्यांत सामावले आहे. आणि परवा माळा झाडताना त्या वह्या हाती आल्या, तेव्हा झाडणे तहकूब करून मी तिथेच पेटीवर जो बसलो तो दिवेलागणीपर्यंत उठलो नाही. पोटापाण्यासाठी मी सरकारी कोषागारात कारकुनी केली. ज्याचा हात उभ्या आयुष्यात जमाखर्चाच्या रकान्यांतून फिरला, त्याला मासे गरवतानाही रकाने आखल्यावाचून चैन पडू नये, हे स्वभावाला धरूनच झाले. वहीचे पान मी सहा भागांत आखीत असे : तिथी, भरतीची वेळ, आमिष, लागलेले, सुटलेले आणि शेरा. पैकी पहिल्या चार रकान्यांतला मजकूर बहुतांशी खरा आहे. पाचव्याची कैफियत पुढे सांगेन. सहावा मी सर्वांत अरुंद ठेवला होता, कारण त्यात लिहिण्याजोगे फारसे काही निघेल असे तेव्हा वाटले नव्हते.

गरवणे हा शब्द घाटावरच्या वाचकाला समजावून द्यावा लागेल. गळाने मासे धरणे म्हणजे गरवणे. गळाच्या आकड्याला गरी म्हणतात, आणि ज्या नायलॉनच्या दोऱ्याला ती बांधायची त्याला तंगूस. तंगूस, दोन-चार गऱ्या, शिशाचा एक तुकडा आणि डब्यात मूठभर कोळंबी, एवढा सारा सरंजाम रुमालात मावतो. धक्क्यावरची आमची मंडळी काठीसुद्धा बाळगीत नसत; लाकडाच्या ढलपीला गुंडाळलेला तंगूस हातानेच गरगरा फिरवून पाण्यात भिरकवायचा, आणि मग तो तर्जनीवरून सोडून, पाय समुद्राकडे लोंबते ठेवून, स्वस्थ बसायचे.

वेळ मात्र पाळावी लागते, आणि ती घड्याळाची नव्हे, चंद्राची. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे पडत जाते. यावरून किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ठोकताळा असा की, तिथीला पाऊणकीने गुणावे, येईल ती पूर्ण भरतीची वेळ : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आमच्यातले गुरुजी या पाऊणकीचे कट्टर अभिमानी होते. उलट बंदर खात्यात नोकरीला असलेले भाऊ सर्व्हे ऑफ इंडियाने छापलेल्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांतून मिनिटासुद्धा वेळ उतरवून आणीत. दोहोंत अर्ध्या तासाची तफावत निघाली की जो वाद पेटे तो भरती होऊन सुकती लागली तरी विझत नसे, आणि तेवढ्यात दोघांच्याही गरीवरची कोळंबी केंडाने बिनबोभाट खाऊन टाकलेली असे. केंड हा मासा डिवचला असता फुग्यासारखा फुगतो, त्याचे दात तंगूस कातरीने कापावा तसा तोडतात, आणि एवढे नुकसान करूनही तो आमच्याकडे कोणी खात नाही. तेव्हा त्याच्यावर एकमुखाने चिडणे हेच गुरुजी आणि भाऊ यांच्यातल्या सलोख्याचे कायमचे कलम होते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचे पाणी असते; त्याला ओढ असते, मासा हिंडता असतो. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास येतो तो भांग. भांगाचे पाणी मंद, निरुत्साही, आणि त्या दिवसांत गरवायला बसणे हा शुद्ध वेडेपणा आहे, हे धक्क्यावरचा प्रत्येक जण दुसऱ्याला बजावून सांगे. आता वह्या चाळताना पाहतो, तो भांगाच्या दिवशी ‘लागलेले’ हा रकाना ओळीने कोरा, आणि हजेरी मात्र उधाणाइतकीच. हे तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते.

या हजेरीत तारमास्तर होते. तारखात्यात मोर्सची कडकट्ट करण्यात हात घडलेला असल्यामुळे, त्यांच्या मते मासाही गरीशी बोलतो ते लघु-दीर्घांतच. डोळे मिटून, तंगूस बोटाच्या पेरावर घेऊन ते बसत आणि पाण्याखाली काय चालले आहे ते तार वाचून दाखवावी तसे सांगत : “काळुंदर आहे, नुसत्या टिचक्या. जाऊ द्या.” किंवा, “शेंगटी. ही एकदाच ओढील आणि सोडायची नाही.” तांबोशी आली असता मात्र ते काहीच बोलत नसत. आधी दोन ठोसे, मग एक निःशब्द विराम, आणि त्या विरामात तारमास्तरांचा खालचा ओठ किंचित आत ओढला जाई. तो पाहून आम्ही शेजारचे आपापले तंगूस घाईघाईने गुंडाळून घेऊ, की त्यांच्या माशाला गुंता नको.

आणि राजिवड्याचे चाचा होते. वयाने सर्वांत वडील. उमेदीची वर्षे मचव्यांवर खलाशी म्हणून गेलेली, आणि आता समुद्र केवळ करमणुकीसाठी वापरण्याची चैन ते करीत होते. १९८५च्या थंडीत एका शेंगटीला गरीवरून सोडवताना तिचा काटा माझ्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला. शेंगटीला असे तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन कल्ल्यांमागे, आणि तिन्ही विषारी. मनगटापासून कोपरापर्यंत कोणी तापलेली सळई फिरवावी अशी कळ उठली. चाचांनी मला दंडाला धरून चहाच्या टपरीवर नेले, स्टीलच्या ग्लासात उकळते पाणी ओतून घेतले, त्यात थोडे गार मिसळले, स्वतःचे बोट बुडवून पाहिले, आणखी थोडे मिसळले, आणि मग माझा अंगठा त्यात दाबून धरला. अर्ध्या तासात कळ ओसरली. ते विष प्रथिनांचे असून उष्णतेने निकामी होते, हे पुढे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने मला शास्त्रोक्त समजावून दिले. टपरीवाल्याने पाण्याचे पैसे घेतले नाहीत. पण तो ग्लास ‘साहेबांच्या अंगठ्याचा’ म्हणून पुढे कित्येक वर्षे वेगळा ठेवला, आणि नव्या गिऱ्हाइकाला तो चुकून गेला तर आम्ही त्याला गंभीरपणे सावध करीत असू.

शेऱ्याच्या रकान्यात सुरुवातीला मी उसनवारी टिपीत होतो. धक्क्याच्या बुडाशी खडक आहेत, त्यांत गरी अडकून तुटते, शिसे जाते, कोळंबी संपते, आणि मग शेजाऱ्याकडे हात पसरण्याशिवाय गत्यंतर नसते. ‘गऱ्या २, चाचांस’, ‘शिसे १, भाऊंकडून’, ‘कोळंबी, गुरुजींकडून, अदमासे १० नग’ अशा नोंदी पहिल्या अडीच वर्षांत पानोपानी आहेत. एके दिवशी चाचांनी वाकून पाहिले.

“काय लिहितोस रे?”

मी वाचून दाखवले.

“म्हणजे माझं खातं उघडलंस म्हण की!”

ते हसले, आम्हीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच नंबरच्या दोन गऱ्या वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून त्यांनी माझ्या वहीवर ठेवल्या, आणि त्यानंतर पंधरवडाभर गरी तुटली की हा सत्तरीकडे झुकलेला माणूस कोणाकडे न मागता वाळूतून चालत राजिवड्याला जाई आणि दुसरी घेऊन येई. येईपर्यंत भरती उलटलेली असे. कचेरीत चोख ठरलेली माझी सवय धक्क्यावर किती बेअदबीची ठरली, हे उमगायला मला तेवढा वेळ लागला. अखेर एका संध्याकाळी मी माझा कोळंबीचा डबा पायाने समुद्रात ढकलला (तो चुकून पडला असे मी सांगितले, आणि कोणाचाही त्यावर विश्वास बसला नाही) आणि चाचांकडे मूठभर कोळंबी मागितली. त्यांनी दिली. वहीकडे मान वळवून म्हणाले, “लिही की!” मी म्हटले, “शाई संपली.”

त्या दिवसानंतर पाचही वह्यांत उसनवारीची एकही नोंद नाही. रकाना आखलेला होता, तो रिकामा ठेवणे हाताला जड जाई, म्हणून मग त्यात दुसरे काही पडू लागले. ‘तारमास्तर खोकत होते.’ ‘भाऊंच्या मुलीचे जमले, पेढे.’ ‘गुरुजी आज पाऊणकीवर बोलले नाहीत, विचारले नाही.’ ‘रोजे चालू. चाचा आले, आम्ही डबा उघडला नाही.’ १९९२च्या डिसेंबरात, जेव्हा सकाळचे वर्तमानपत्र उघडायला हात धजत नसे, त्या दिवसांतल्या एका पानावर लागलेले : काही नाही, सुटलेले : काही नाही, शेरा : सर्व हजर.

आमची तोंडे एकमेकांकडे नसत, पाण्याकडे असत. एरवी मैत्री म्हणजे समोरासमोर बसून मनाचे कप्पे उघडणे, असे मानण्याचा प्रघात आहे. आम्ही तीस वर्षांत एकमेकांच्या घरी मोजून चार-पाच वेळा गेलो असू, आणि भाऊंचे आडनाव मला त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरून कळले. पण अंधारात हाताशी आलेली तंगुसाची गाठ कोणी मारलेली आहे हे मी आजही नुसत्या बोटांनी सांगू शकेन.

गुरुजींनी एकदा आयझॅक वॉल्टन या इंग्रज ग्रंथकाराचे गळावरचे पुस्तक मला वाचायला आणून दिले. १६५३ साली, यादवी युद्धाने देश पोळून निघालेला असताना, या साठीच्या गृहस्थाने ओढ्याकाठच्या मासेमारीवर शांतपणे ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि त्याहून चाळीसेक वर्षांनी लहान अशा चार्ल्स कॉटनशी त्याचे गळापायी इतके सख्य जमले, की १६७६च्या आवृत्तीला दुसरा भाग कॉटनने लिहून जोडला, आणि डव्ह नदीच्या काठी १६७४ साली बांधलेल्या आपल्या मासेमारीच्या घरकुलावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरविली. वॉल्टन शांत, भाविक; कॉटन कर्जबाजारी आणि काहीसा उच्छृंखल. गुरुजींना त्या ग्रंथातली निसर्गवर्णने आवडत. मला ती जरा लांबलेली वाटली. पण दोन विजोड माणसांची ती गुंफलेली अक्षरे मात्र मी बरेच दिवस डोळ्यांपुढून हलवू शकलो नाही.

कोकण रेल्वे १९९८ साली सलग सुरू झाली आणि मुंबईची हौशी मंडळी कार्बनच्या काठ्या, फिरत्या चाकाच्या गरगऱ्या आणि प्लॅस्टिकचे रंगीत खोटे मासे घेऊन धक्क्यावर उतरू लागली. आम्ही त्यांच्याकडे प्रथम ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन न केलेले बरे. पण त्यांतल्या एका पोराची दीडशे फूट गेलेली गरी आमच्या पाचही तंगुसांना एकदम गुंडाळून परत आली, आणि तो गुंता सोडवायला सहा जणांचे बारा हात रात्री नऊपर्यंत लागले. उठताना त्याने आपणहून चहा सांगितला, आणि दुसऱ्या शनिवारी तो आमच्या रांगेत बसला. खोट्या माशाला आमचा विरोध शेवटपर्यंत टिकला.

आता सुटलेल्यांविषयी. सुटलेला मासा मोठाच असतो, ही जगभरच्या गळवाल्यांची श्रद्धा आहे आणि तिच्यावर विनोदही पुष्कळ झाले आहेत. आमच्याकडे मात्र या बाबतीत एक शिरस्ता होता : सुटलेल्या माशाचे वजन ज्याचे त्याने सांगायचे नाही, शेजाऱ्याने सांगायचे. तंगूस तुटून माणूस हिरमुसला होऊन बसला की शेजारी पाण्याकडे पाहतच म्हणे, “तीन किलोला मरण नव्हतं.” दुसरा म्हणे, “तीन कसला, चार.” दाखला मागायचा नाही. परवा पेटीवर बसून मी पाचही वह्यांतल्या सुटलेल्या माशांची बेरीज मांडायला घेतली, आणि तिसऱ्या वहीतच आकडा इतका फुगला की केंडाची आठवण होऊन मी पेन्सिल ठेवली.

चाचा २००६ साली गेले. त्यानंतरची वही पातळ आहे. म्हणजे पाने तेवढीच, पण मधले दिवस सुटलेले. शेवटची नोंद २०१३च्या जुलैतली, ज्या दिवशी देशातली तारसेवा बंद झाली त्या दिवसाची. समुद्र खवळलेला होता, गळ टाकण्याचा प्रश्नच नव्हता. तारमास्तर टपरीत येऊन बसले आणि चहा निवेपर्यंत टेबलावर एका बोटाने काहीतरी वाजवीत राहिले. काय ते मी विचारले नाही. पुढे गुडघ्यांनी धक्क्याच्या पायऱ्या नाकारल्या.

पण मी ज्यासाठी दिवेलागणीपर्यंत माळ्यावर बसलो ते पान चौथ्या वहीत आहे. २००३ साली एका शस्त्रक्रियेसाठी मी तीन आठवडे कोल्हापूरला होतो. वही टपरीतल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलेली असे. परत आल्यावर मी पुढच्या कोऱ्या पानावरून लिहू लागलो, आणि मागे उलटून पाहण्याचे कधी मनात आले नाही. परवा पाहिले. त्या तीन आठवड्यांची पाने तारमास्तरांच्या तिरप्या, ठसठशीत अक्षरात भरलेली आहेत. तिथी, भरती, आमिष, सारे रीतसर. सोळाव्या दिवशी ‘लागलेले’ या रकान्यात आडवी रेघ आहे. ‘सुटलेले’ या रकान्यात लिहिले आहे : ‘तांबोशी, सहा किलो. आपल्या जागेवरून, आपल्या नावे.’ आणि शेऱ्यात : ‘गरी चाचांची होती. लिहू नये म्हणतात.’